रफार दिसतो का? २४ इंची, २७ इंची आणि फोर-के मॉनिटर शेजारी-शेजारी

‘सर्वांत’ हा शब्द टाइप करा आणि हातभर अंतरावरून पडद्याकडे बघा. कान्याच्या डोक्यावर रफार आहे आणि त्याला चिकटून अनुस्वार. आता ‘सर्वात’ लिहा. दोन्हींतला फरक मान पुढे न काढता कळला, तर तुमचा मॉनिटर चांगला आहे. माझं पोट याच फरकावर चालतं. मी मुद्रितशोधन करते, अधूनमधून अनुवाद करते, बाकी वेळ घरचे हिशेब, मुलाचे अर्ज आणि रात्री एखादी मालिका. म्हणजे ‘ऑफिस आणि घर’ या खोक्यावरच्या वर्णनात अगदी चपखल बसणारी गिऱ्हाईक.

मॉनिटरवरचे बहुतेक आढावे इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहिलेले असतात. रोमन अक्षर बसक्या बांध्याचं, थोडे ठिपके (पिक्सेल) कमी पडले तरी वाचता येतं. देवनागरीची मांडणी तीन मजली आहे: मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा-वेलांट्या-रफार-अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. सोळा ठिपक्यांच्या टाइपात वरच्या मजल्याला जेमतेम चार-पाच ठिपके मिळतात. घ आणि ध, भ आणि म, द्ध आणि द्घ यांतला फरकही असाच एकदोन ठिपक्यांवर लोंबकळतो. म्हणून इथे मी पहिला प्रश्न ठिपक्यांचा घेतलाय.

| | २४ इंची (प्रत्यक्षात २३.८) फुल एचडी | २७ इंची क्यूएचडी | २७ इंची फोर-के |
|---|---|---|---|
| ठिपके | १९२० × १०८० | २५६० × १४४० | ३८४० × २१६० |
| दर इंचाला ठिपके | सुमारे ९३ | सुमारे १०९ | सुमारे १६३ |
| एका ठिपक्याची रुंदी | ०.२७५ मिमी | ०.२३३ मिमी | ०.१५५ मिमी |
| पडद्याची उंची | २९.६ सेंमी | ३३.६ सेंमी | ३३.६ सेंमी |

चांगल्या नजरेच्या माणसाला ६० सेंटिमीटरवरून साधारण ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा तपशील सुटा दिसतो. फोर-केचा ठिपका त्याहून बारीक आहे, म्हणून तिथे अक्षर छापल्यासारखं वाटतं. उरलेल्या दोघांत ठिपका डोळ्याला सापडतो, २४ इंचीत जरा जास्तच. तेवढ्याच आकाराचं अक्षर काढायला फोर-केला फुल एचडीच्या तिप्पट ठिपके मिळतात. क्यूएचडीला फुल एचडीपेक्षा एक तृतीयांशाहून थोडे अधिक ठिपके जास्त मिळतात.

या तक्त्यात एक मॉनिटर मुद्दाम घेतलेला नाही, तो म्हणजे २७ इंची फुल एचडी. दुकानात तो सर्वांत आधी पुढे केला जातो, कारण मोठा दिसतो आणि स्वस्त असतो. मी घेतला होता. त्याच्यात दर इंचाला ८२ ठिपके, म्हणजे २४ इंचीपेक्षाही कमी. तेच ठिपके फक्त ताणून मोठे केलेले. पहिल्याच आठवड्यात मी एका लेखात ‘विद्घान’ तसंच सोडलं. चूक माझीच, पण मॉनिटरनेही हातभार लावला. आता भाचा त्यावर क्रिकेट बघतो आणि खूश आहे. हाच न्याय ३२ इंची टीव्हीला. स्वस्तातला एचडी रेडी टीव्ही १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे इंचाला पन्नासही नाहीत. घरात पडलाय म्हणून लॅपटॉपला जोडून बघाल, पण त्यावर पानभर मजकूर वाचायला बसू नका.

आता जागेचं. ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर. २४ इंची पडद्याची उंची २९.६. म्हणजे पूर्ण पान खऱ्या आकारात जवळजवळ मावतं, पण वर टूलबार आणि खाली टास्कबार आला की पायाच्या चार-पाच ओळी गेल्याच. २७ इंचीत पान बसून वर चार सेंटिमीटर उरतात आणि टूलबार तिथे आरामात राहतो. रुंदी जवळपास ६० सेंटिमीटर असते. दोन पानं शेजारी ठेवली तर ४२ लागतात, उरलेल्या जागेत शब्दकोशाची खिडकी उभी करता येते. डावीकडे मूळ मजकूर, मध्ये अनुवाद, उजवीकडे कोश. ज्याला दिवसभर दोन खिडक्यांमध्ये ये-जा करावी लागते, त्याला २४ वरून २७ वर गेल्याचा फरक पहिल्या तासात कळतो.

मग सगळ्यांनी फोर-के घ्यावा का? मी आठवड्यातले तीन दिवस फोर-केवर काम करते आणि घरी क्यूएचडी ठेवलाय. याचं कारण फक्त पैसे नाहीत.

फोर-केवर २७ इंचात सगळं मूळ मापात ठेवलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) दीडपट करावं लागतं. दीडपट केलं की जागा क्यूएचडीइतकीच उरते. म्हणजे फोर-के तुम्हाला जास्त जागा देत नाही, जास्त रेखीव अक्षर देतो. हे पुष्कळांना घरी आणल्यावर कळतं. नव्या सॉफ्टवेअरला स्केलिंगचा त्रास नाही. पण मराठी डीटीपीच्या दुनियेत पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर अजून जिवंत आहे, आणि त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. अशा जुन्या सॉफ्टवेअरला विंडोज ताणून दाखवतो, मग सगळं धुकटल्यासारखं दिसतं; ताणायचं बंद केलं तर मेनू वाचायला भिंग हवं. म्हणजे पैसे टाकले रेखीव अक्षरासाठी आणि नेमकं कामाचंच अक्षर धूसर. जुने फॉण्ट आणि जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने क्यूएचडी घ्यावा आणि स्केलिंगला हात लावू नये.

मॅकवाल्यांचं गणित उलटं आहे. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत डीफॉल्ट म्हणून बंद केली. त्यामुळे कमी ठिपक्यांच्या मॉनिटरवर मॅकचं अक्षर विंडोजपेक्षा मळकट दिसतं. मॅकबुक असेल तर फुल एचडीचा विचारही नको. फोर-केसाठी थोडं थांबावं लागलं तरी थांबा.

आणि वायर. एका ओळखीच्यांनी हौसेने फोर-के आणला, जुना लॅपटॉप जोडला, आणि माऊस चिखलातून चालल्यासारखा चालायला लागला. त्यांना वाटलं मॉनिटरच बिघडलेला आला. लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ होतं, त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवं. क्यूएचडी मात्र १.४ मधूनही ६० ने जातो. आपल्या लॅपटॉपचं पोर्ट कोणतं ते आधी बघा, मॉनिटर नंतर. लॅपटॉपला चित्र देणारं यूएसबी-सी असेल आणि मॉनिटरलाही ६५ वॉट किंवा अधिक चार्जिंग देणारं यूएसबी-सी असेल, तर एकाच वायरमध्ये चित्र आणि चार्जिंग दोन्ही होतं. त्यासाठी चार-पाच हजार जास्त पडतात. घरी येऊन रोज लॅपटॉप लावणारा असाल तर वसूल. डेस्कटॉप असेल तर हे पैसे फुकट.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडदा कोणत्या जातीचा (आयपीएस, व्हीए की ओलेड) याबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. वाचण्या-लिहिण्यासाठी आयपीएस घ्यावा. व्हीएचा काळा रंग जास्त गडद असतो, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास (आयपीएसचा साधारण १०००:१), रात्री दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला तो आवडेल. पण काही व्हीएंवर गडद पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवताना मागे सावली ओढली जाते. ओलेडचे भाव उतरतायत म्हणून मोह होतो. चित्र अप्रतिम, पण क्यूडी-ओलेड या त्याच्या एका प्रकारात लाल-हिरवे-निळे कण नेहमीसारखे एका ओळीत नसतात, त्रिकोणात असतात, त्यामुळे आडव्या रेषांच्या कडेला हिरवट-गुलाबी झाक दिसू शकते. आपली शिरोरेखा म्हणजे पानभर आडव्या रेषाच. शिवाय दिवसभर एकाच जागी बसलेल्या टास्कबारचा डाग कायमचा उमटण्याची धास्ती असते ती वेगळीच.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले १०० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ वगैरे (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा): ६० वरून १०० वर गेलं की मजकूर सरकवताना मऊ वाटतं, हे खरं. हल्ली साध्या मॉनिटरलाही १०० मिळतो, मिळाला तर घ्या. त्यासाठी ठिपके सोडू नका. वक्र पडदा २७ इंचात दिखाऊ आहे.

किमती मी लिहितेय तेव्हा साधारण अशा: बरा आयपीएस २४ इंची दहा हजारांच्या आतबाहेर, २७ इंची क्यूएचडी पंधरा ते बावीस, २७ इंची फोर-के बावीसपासून पस्तीसपर्यंत. सणासुदीला यात हजार-दोन हजारांची हालचाल होते. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे ३४ इंची अल्ट्रावाइडचे हिशेब थोडे बदललेत. अल्ट्रावाइडचा पडदा उंचीला २७ इंचीइतकाच आणि ठिपकेही क्यूएचडीच्याच दाटीचे, फक्त लांब. लांबलचक एक्सेल असणाऱ्यांना तो आवडतो. माझ्या टेबलावर तो ठेवला तर चहाचा कप कुठे ठेवायचा हा प्रश्न आहे.

तर कोणी काय घ्यावं? दिवसभर टॅली, ईमेल, बँकेचे पोर्टल आणि मुलांचा अभ्यास, बजेट दहाचं: २४ इंची फुल एचडी, आयपीएस, आणि उरलेल्या पैशांत बरी खुर्ची. अनुवाद, संपादन, कोडिंग, दोन-तीन खिडक्या सतत उघड्या, विंडोज: २७ इंची क्यूएचडी. मी एकच सुचवायचा झाला तर हाच सुचवेन. दिवसाचे सहा-सात तास नुसतं मराठी वाचणं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा मॅक: फोर-के. पहिल्या महिन्यात किंमत टोचते. मग दुसऱ्याच्या टेबलावर बसायची वेळ आली की डोळे कुरकुरतात, आणि किंमत कशाची होती ते समजतं.

ऑनलाइन घ्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन, पण शक्य असेल तर आधी एकदा डोळ्यांनी बघा. दुकानात डेमोचा व्हिडिओ लावलेला असतो, त्यात मोर आणि धबधबे असतात. त्यांत सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. पेनड्राइव्हमध्ये आपली एक मराठी पीडीएफ न्या आणि ती उघडायला सांगा. शंभर टक्क्यांवर. दुकानदार थोडा वैतागेल, चालतं. मग ब्राइटनेस अगदी कमी करा आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलीच्या सुट्या-सुट्या आकृत्या दिसल्या तर पडदा लुकलुकतोय. रात्री कमी उजेडात काम करणाऱ्याचं डोकं तो दुखवू शकतो. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक.

स्टॅण्ड वर-खाली होणारा हवा. स्वस्त मॉनिटरचा स्टॅण्ड फक्त मागे-पुढे झुकतो. अशा वेळी निदान मागे १०० × १०० मिलिमीटरची वेसाची (ठरलेल्या मापाची स्क्रूची) भोकं आहेत ना ते बघा, म्हणजे पुढे मॉनिटर धरणारा हलता आर्म लावता येतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. चाळिशी लागून प्रोग्रेसिव्ह चष्मा आलेल्यांनी हे आंधळेपणाने पाळू नये. त्या चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते, त्यामुळे उंच पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. मी अनेक वर्षं मॉनिटरखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला होता. चष्मा बदलल्यावर त्यातले चार अंक काढले, मग आणखी तीन. आता खाली एकच उरलाय, तोही बारीक अंकाचा.