ओपनरिफाइन वापरलं, जिल्हावार पावसाच्या डेटासाठी

दहा वर्षांचा जिल्हावार पाऊस एकत्र करायचा होता, दर वर्षाची वेगळी एक्सेल, कुठे इंग्रजी नावं, कुठे मराठी, कुठे मर्ज केलेले सेल. आधी एक्सेलमध्येच फाइंड-रिप्लेस करत बसले आणि दोन दिवसांनी कुठल्या फाईलमध्ये काय बदललंय तेच कळेना. मग ओपनरिफाइन टाकलं, म्हणजे असा विस्कटलेला डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गूगलने २०१२ मध्ये अंग काढून घेतल्यावर बाहेरचे लोकच सांभाळतायत. उघडतं ब्राउझरमध्ये, पण डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जिल्ह्याच्या कॉलमवर टेक्स्ट फॅसेट (कॉलममधल्या वेगवेगळ्या नावांची यादी) लावला की डावीकडे सगळी नावं आणि कुठलं नाव किती ओळींत आलंय ते दिसतं. महाराष्ट्रात जिल्हे ३६, माझ्या यादीत नावं साठच्या वर! काहींच्या मागे नुसती स्पेस होती, नासिक-नाशिकसारखी बरीच क्लस्टरिंगने, म्हणजे मिळतीजुळती नावं एका गटात दाखवायच्या सोयीने, पकडली. पण औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर हे एकच आहे हे कुठलंही क्लस्टरिंग ओळखणार नाही, अक्षरांचा काही संबंधच नाही ना. उस्मानाबाद-धाराशिव तसंच, अहमदनगर-अहिल्यानगरवरही भरवसा नको. ती यादी आपणच आधी कागदावर करायची.

आणि पालघर! १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीचा ठाणे आणि नंतरचा ठाणे हा एकच जिल्हा नाहीच. सरळ तुलना केली तर ठाण्याच्या पावसात दिसणारा फरक खरा की हद्द बदलल्यामुळे तेच सांगता येणार नाही. दोन्ही जोडायचे म्हटलं तर मिलिमीटरची बेरीज चालत नाही, क्षेत्रफळाच्या हिशोबाने सरासरी काढावी लागते. हा निर्णय सॉफ्टवेअर उघडायच्या आधी घ्या, कळकळीने सांगतेय, कारण मी नंतर घेतला आणि अर्धं काम परत केलं.

बारा महिन्यांचे आडवे बारा कॉलम उभ्या ओळींत आणायला ट्रान्सपोज आहे, एका कॉलममध्ये महिना, दुसऱ्यात पाऊस, पालघरनंतरच्या एका वर्षाच्या ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ ओळी. तिथे रिकामे सेल वगळायची टिक असते ती बघून घ्या. रिकामं म्हणजे नोंदच नाही आणि ० म्हणजे पाऊस पडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टिक राहिली तर नोंद नसलेले महिने गुपचूप गायब होतात. मी टिक काढते आणि ओळी ४३२ भरतात का ते मोजते.

सगळ्यात आवडलं ते अनडू-रीडू. केलेली प्रत्येक पायरी नोंदली जाते, ती यादी जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या एका फॉरमॅटमध्ये) काढून पुढच्या वर्षाच्या फाईलवर तशीच चालवता येते, फक्त कॉलमची नावं तीच हवीत. एखादा सेल हाताने दुरुस्त केला असेल तर तो त्यात येत नाही, म्हणून हाताने काही करूच नका.

चार्ट वगैरेसाठी हे नाही, मोठ्या फाईलला मेमरी वाढवून द्यावी लागते. मराठी नावं असतील तर एक्सपोर्ट एक्सेल फॉरमॅटमध्येच करा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाईल) थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीचा पार कचरा दिसू शकतो.