डेलरिन म्हणून विकलेले पक पीव्हीसीचे निघाले

पाण्याने भरलेल्या ग्लासात एक पांढरी चकती सोडतात. ती तळाला जाते आणि विकणारा सांगतो, "साधं प्लास्टिक तरंगतं, हे बुडलं, म्हणजे अस्सल डेलरिन." डेलरिन म्हणजे घासाला टिकणारं टणक प्लास्टिक. गेल्या पावसाळ्यानंतर हा व्हिडिओ गोव्यातल्या डिचोली-म्हापशाकडच्या लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) चालवणाऱ्या पोरांच्या फोनवर फिरत होता. उतारावर वेग तोडायला बोर्ड आडवा घसरवतात, ती स्लाइड. तेव्हा रस्त्यावर टेकवायच्या हातात घालतात तो स्लाइड ग्लोव्ह, आणि त्याच्या तळव्याला लावलेल्या प्लास्टिकच्या चकत्या म्हणजे पक. सोबत जाहिरात 'स्लाइड ग्लोव्ह घरी बनवा' अशा किटची: हातमोज्यांची जोडी, तळहाताचे दोन पक, बोटांचे चार छोटे पक, व्हेल्क्रो आणि गोंदाची ट्यूब. १,८०० रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. ज्यांनी मागवलं त्यांना आलेले पक पीव्हीसीचे निघाले.

व्हिडिओत काही बनाव नव्हता, चकती खरोखरच बुडते. पण बुडण्यावरून फक्त एवढंच कळतं की ती एचडीपीई, यूएचएमडब्ल्यू (दोन्ही पॉलिइथिलीनचेच प्रकार) किंवा पॉलिप्रोपिलीन नाही. पाण्याची घनता १ धरली तर या तिघांची त्याहून कमी, ०.९० ते ०.९७. डेलरिन म्हणजे ॲसिटल, त्याची घनता १.४१. कडक पीव्हीसीची साधारण १.३५ ते १.४५. म्हणजे पीव्हीसी पाण्यात बुडणार आणि काट्यावरही डेलरिनएवढंच भरणार. ९० मिमी व्यासाचा, १२ मिमी जाडीचा डेलरिनचा पक सुमारे १०७ ग्रॅम भरतो, पीव्हीसीचाही जवळजवळ तेवढाच. एचडीपीईचा ७२-७३. वजन करून खात्री पटवून घेणारे यातच फसले. नक्कल निवडतानाच ती दोन सोप्या चाचण्यांत पास होईल अशी निवडलेली होती.

हा नुसता पैशांचा प्रश्न असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या क्लिफ कोलमन यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७० च्या दशकात आकाराला आलेली स्लाइड बहुतेक जण आधी शिकतात. तीत गुडघा वाकवून, एक हात मागे रस्त्यावर टेकवून बोर्ड आडवा फिरवतात. अंगाचा बराच भार त्या हातावर येतो. पक डांबरावर घासतो आणि तापतो. ॲसिटल १६५ अंशांच्या पुढे वितळतं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं. नरम झालेला पृष्ठभाग घसरत नाही, खडी धरतो. हात जागीच अडकतो, अंग पुढे जात राहतं आणि सगळा झटका मनगटाला नाहीतर खांद्याला बसतो. अशा पकावर घासल्याच्या गुळगुळीत खुणांऐवजी तपकिरी ओघळ आणि रुतलेले खडे दिसतात. आपल्या पकावर असं कुठेही दिसलं तर तो त्याच क्षणी बाजूला काढा.

तपासणीसाठी फार काही लागत नाही. दोन मोठ्या पकांपैकी एकाच्या कडेने हॅकसॉने २ मिमी जाड, ५० मिमी लांब पट्टी कापा. दुसरा पक तसाच ठेवा, तक्रारीला लागेल. पट्टी खळखळ उकळत्या पाण्यात ३ मिनिटं ठेवा, पक्कडीने बाहेर काढा आणि लगेच वाकवा. पीव्हीसी रबरासारखं वाकतं आणि थंड होईपर्यंत तसंच धरलं तर वाकलेलंच राहतं. ॲसिटल वाकवायला जोर लागतो, सोडलं की ते परत सरळ व्हायला बघतं. स्वयंपाकाचं भांडं यासाठी घेऊ नका.

नक्कल नायलॉनची असेल तर ती उकळत्या पाण्यात टिकते, त्यामुळे तिच्यासाठी मिठाचं पाणी. १०० मिली पाण्यात ४० ग्रॅम मीठ घालून ढवळत राहा. थोडं मीठ तळाला उरलंच पाहिजे, नाहीतर पाणी पुरेसं जड झालेलं नसतं. या पाण्याची घनता १.२० च्या आसपास जाते. नायलॉन १.१४, म्हणून ते साध्या पाण्यात बुडतं आणि इथे तरंगतं. ॲसिटल दोन्हीकडे बुडतं. तुकड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा निकाल फिरवतो, म्हणून तुकडा आधी ओल्या बोटांनी चोळून घ्या.

तुकडा जाळून वास घ्या, असं सांगणारे भेटतील. ते करू नका. ॲसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड. दोन्ही फुप्फुसांना घातक, आणि उकळत्या पाण्यात जे कळतं त्यापेक्षा जास्त काही हाती लागत नाही.

आणखी एक खूण किटमध्येच होती, पण ती कुणी ओळखली नाही. गोंद पकाला फार छान चिकटत होता. ॲसिटल आणि पॉलिइथिलीन या दोन्हींना गोंद नीट धरत नाही, पक बनवणाऱ्या प्रत्येकाची हीच रड असते. पीव्हीसीला मात्र गोंद घट्ट बसतो. डेलरिन म्हणून दिलेल्या चकतीवर साध्या ट्यूबमधला गोंद दगडासारखा पक्का बसला, तर आधी शंका घ्या.

हातमोज्यांतही लबाडी होती. 'अस्सल चामडं' म्हणून आलेलं रेक्झिन होतं. कापलेली कड बघा: चामड्याला आत तंतू दिसतात, रेक्झिनला विणलेल्या कापडावर चढवलेला थर. पॉलियुरेथेनचा थर गोव्याच्या दमट हवेत एक-दोन पावसाळ्यांत पोपडे धरून सुटतो, मग व्हेल्क्रो शिवणीसकट हातात येतो.

पैसे परत मागितल्यावर पुढचा डाव आला: "रिफंड पाठवतो, आलेली रिक्वेस्ट स्वीकारून पिन टाका." यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असे पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. माल आला पण वेगळाच आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणारा दिल्लीचा असला तरी. मुदत दोन वर्षांची. पाकीट उघडतानाचं चित्रण, 'डेलरिन' असं लिहिलेला संदेश, पैसे भरल्याची नोंद आणि न कापलेला पक एवढं जपून ठेवा. विकणाऱ्याने संदेश पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

खरं तर किटची गरजच नसते. ॲसिटलचा रॉड इंजिनिअरिंग प्लास्टिक विकणाऱ्यांकडे वेगवेगळ्या व्यासांत आणि वजनावर मिळतो. ९० मिमीचा रॉड घेऊन वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लेथवाल्याकडून १२ मिमीचे काप काढून घेतले की गोल पक तयार. बिलावर 'ॲसिटल' किंवा 'पीओएम' (ॲसिटलचंच दुसरं नाव) लिहून घ्या, नुसतं 'इंजिनिअरिंग प्लास्टिक' नको. एवढी खटपट नको असेल तर हॉटेलांच्या भांड्यांच्या दुकानातला भाजी चिरायचा जाड पांढरा पाट घ्या. तो एचडीपीईचा असतो, कधी पॉलिप्रोपिलीनचा. ॲसिटलपेक्षा लवकर झिजतो, पण शिकणाऱ्याला पुरतो, आणि तो डेलरिन असल्याचं कुणी सांगत नाही. पाट जिगसॉने कापताना वेग कमी ठेवा, नाहीतर कापलेली फट मागून वितळून पुन्हा जुळते.

पकाची घासणारी कड कानशीने ५ मिमी गोल करा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. कड धारदार राहिली तर रस्त्याच्या पहिल्याच भेगेत अडकते. वरच्या बाजूला व्हेल्क्रोचा काटेरी भाग, मोज्यावर मऊ भाग. उलट केलं तर मोजा कपड्यांना अडकतो आणि काट्यांत आपली लाल माती भरून दोन दिवसांत पकड जाते. मोज्यासाठी मागे गोंद नसलेला, शिवायचा व्हेल्क्रो मागा. गोंदाचा शिवला तर सुई चिकटते आणि टाके सुटतात. शिवण सीट कव्हर शिवणाऱ्याकडून करून घ्या, त्याचं मशीन चामडं ओढतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, सुती नको, घामाने आणि दमट हवेने तो कुजतो. चारी कडांनी दुहेरी शिवण आणि मधून फुली.

पकावर व्हेल्क्रो गोंदाच्या भरवशावर सोडू नका. ३ मिमी जाडीचे, ८ मिमी लांबीचे चार स्क्रू, प्रत्येकाखाली रुंद वॉशर. आधी २.५ मिमीचं भोक पाडा, तेही ६ मिमीपेक्षा खोल नको. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खूण केली की चुकत नाही. व्हेल्क्रो आणि वॉशरची जाडी धरली तर स्क्रू पकात ५-६ मिमी उतरतो. म्हणून पकाच्या कडेवर, व्हेल्क्रोच्या बाजूने ८ मिमीवर, मार्करने रेघ मारून ठेवा. झीज रेघेपर्यंत आली की पक बदला. त्यापुढे वापरला तर स्क्रूचं टोक डांबराला लागतं, ठिणग्या उडतात आणि हात वेडावाकडा खेचला जातो.

नवा पक थेट चोर्ला घाटात नेऊ नका. हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड घालून, गाड्या नसलेल्या सपाट डांबरी जागेवर गुडघ्यांवर बसा, हातावर भार टाका आणि पंधरा-वीस वेळा जोरात पुढे-मागे घासा. मग पक उलटा करून बघा: पृष्ठभाग कोरडा आणि घट्ट असेल, खडे रुतलेले नसतील, व्हेल्क्रोची कड उचलली नसेल, तरच उतारावर जा.