वावर विकायच्या आधी: विमान की हेलिकॉप्टर?

आमच्याकडे जवळून दिसतं ते हेलिकॉप्टर. विमान म्हणजे उंचावरची पांढरी रेघ. गडचिरोलीत तर निवडणूक आली की मतदानाची माणसं आणि यंत्रं हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं आतल्या केंद्रांवर जातात, पोरं ते लहानपणापासून बघतात. म्हणून लहान भावाची पोरगी बारावीनंतर "मोठेबाबा, मले हेलिकॉप्टरच उडवाचं आहे" म्हणाली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. धसका बसला तो फीचा आकडा ऐकून. आठ महिने आम्ही दोघं याच्यामागे फिरलो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसा घरचा लागणार असेल तर विमान. हेलिकॉप्टर शिकायचं तर सरकारच्या पैशानं, म्हणजे वर्दीत.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास २ मेडिकल म्हणजे सुरुवातीची तपासणी, मग त्याहून कडक क्लास १. चष्मा चालतो, रंग ओळखण्यात दोष असेल तर गाडी तिथंच अडते. पेपरही बरेचसे सारखे: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल, आणि रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स. पास व्हायला ७० टक्के लागतात. हा अभ्यास घरी बसून होतो, आणि आमच्या पोरांना तो वाटतो तितका परका नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला धावपट्टी जास्त लागते. दुपारी बैल का दमतो हे ज्याला कळतं, त्याला हा धडा पाठ करावा लागत नाही.

फरक पडतो तो उडायला लागल्यावर. कमर्शियल लायसन्सला विमानाचे २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर घेऊन. एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं. हेलिकॉप्टरला १५० तास पुरतात. हे ऐकून पोरगी खूश झाली, "पन्नास तास वाचले!" पण हेलिकॉप्टरचा एक तास सेसनाच्या, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाच्या, तासाच्या कितीतरी पट महाग पडतो. तास वाचतात, पैसे नाही.

हातातलं कसबही वेगळं. विमान एकदा नीट बसवलं की बऱ्यापैकी आपलं आपण उडतं. हेलिकॉप्टर जागेवर तरंगत ठेवायचं तर डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा), उजव्यात सायक्लिक (पुढं-मागं, आडवं नेणारा दांडा), पायाखाली पेडल (नाक वळवायला). एक हलवलं की बाकी दोन्ही सांभाळावे लागतात. एका हातानं कासरा, दुसऱ्यानं तिफण धरल्यासारखं. इंजिन बंद पडलं तर सेसना हजार फुटांवरून अडीचेक किलोमीटर तरंगत जातं, शेत निवडायला थोडा वेळ मिळतो. छोट्या हेलिकॉप्टरमध्ये दीड-दोन सेकंदांत कलेक्टिव्ह खाली दाबून पाती हवेच्या जोरावर फिरती ठेवावी लागतात. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि ते पुन्हापुन्हा घोटून घेतात. मला विचाराल तर हेलिकॉप्टर ही जास्त अवघड आणि जास्त सुंदर विद्या आहे. पण कर्ज सुंदर बघून फिटत नाही.

आता जागा. विमानासाठी विदर्भ सध्या नशीबवान. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण कधीचं सुरू आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. तिथंच वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा काढायचं एअर इंडियानं २०२४ मध्ये जाहीर केलं. बाहेर जायचंच तर उत्तर प्रदेशातली फुर्सतगंजची केंद्र सरकारी अकादमी प्रवेश परीक्षा घेते. फी मात्र सरकारी म्हणून स्वस्त नाही; तीही चाळीस लाखांच्या वर जाते. हेलिकॉप्टरसाठी नागरी शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. बंगळुरूची एचएएलची (विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची) रोटरी विंग अकादमी हे त्यातलं जुनं नाव.

नोकरीचं गणित तर अजून स्पष्ट. इंडिगोनं २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी ४७०. हेलिकॉप्टरचा बाजार म्हणजे मुंबईहून समुद्रातल्या तेलविहिरी, केदारनाथ-वैष्णोदेवीच्या फेऱ्या, नेत्यांचे दौरे. तिथं सैन्यातून निवृत्त झालेले, हजारो तास उडवलेले वैमानिक आधीच बसलेत. दीडशे तासांच्या पोरीला कोण विचारणार? अर्थात विमानातही लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. पुढं एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचं विमान उडवायची परवानगी, स्वतःच्या खर्चानं करायचं झालं तर वरून पंधरा-वीस लाख, आणि भरती थंडावली की लायसन्स घेऊन घरी बसलेलीही आहेत.

पदवीचं काय? बीएस्सी एव्हिएशन केलं तर वाईट नाही, हाताशी काही राहतं. पण लायसन्सला पदवी लागत नाही. नावाला मात्र भुलू नका. माझ्या साळ्याच्या पोरानं शहरातल्या एका संस्थेत 'एव्हिएशन डिप्लोमा'चे नव्वद हजार भरले. वर्षभरानं कळलं, तो विमानतळावर बॅगा आणि बोर्डिंग पास सांभाळायचा कोर्स होता. उडण्याचा एक तासही त्यात नव्हता. तेव्हा संस्थेला तोंडावर विचारा: चालू स्थितीतली विमानं किती, पोरं किती, मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले? पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाणं बंद, आणि वर्षाचा कोर्स दोनाचा होतो. खोलीभाडं आणि मेस चालूच राहते. डीजीसीएनं २०२५ पासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा.

कर्जाला साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका कां-कू करतात. गावात घर-प्लॉट नसेल तर हे आधी विचारून घ्या. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. अशी जाहिरात निघते का, डोळा ठेवा.

वर्दीचा रस्ता म्हणजे पदवीला ६० टक्के घेऊन एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा), किंवा बारावीवर एनडीए (सैन्याची खडकवासल्याची अकादमी). २०२२ पासून एनडीएत मुलीही जातात. खर्च शून्य, उलट प्रशिक्षणात पैसे मिळतात. मेख एकच: हवाई दलात हेलिकॉप्टर मिळेल की मालवाहू विमान, हे पहिल्या टप्प्यानंतर तेच ठरवतात.

आमचं ठरलंय ते असं: आधी मेडिकल, मग घरून पेपर, सोबत बीएस्सी आणि एएफकॅटची तयारी. पेपर निघाले तरच फीचा विषय. गेल्या महिन्यात नागपुरात क्लास २ झालं. रंगीत ठिपक्यांतले आकडे पोरीनं धडाधड वाचले. मी मागून बघत होतो, मला त्यातले दोन दिसलेच नाहीत.