अमेरिकेचा काउंटीनिहाय भित्तिनकाशा आणि नावांची पुस्तिका : एक परीक्षण

राजारामपुरीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी हा नकाशा सोबतच्या पुस्तिकेसह ८५० रुपयांना घेतला. छपाई सुबक आहे. तीन हजारांहून अधिक काउंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) असूनही व्हर्जिनियातील दाटीवाटीची नावे भिंगाशिवाय वाचता येतात. लॅमिनेशन मात्र कोल्हापूरच्या पावसाळ्यापुढे टिकलेले नाही. खालचे कोपरे सुटू लागले आहेत.

खरा रस आहे तो काउंट्यांची नावे कशावरून पडली हे सांगणाऱ्या पुस्तिकेत. आपल्याकडे पुणे आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत खेड तालुका आहे. तिकडे तर एकट्या वॉशिंग्टनच्या नावाने तीसेक काउंट्या आहेत. त्यांचा उलगडा सोपा, कारण सगळीकडे जॉर्ज वॉशिंग्टनच अभिप्रेत आहेत. पण हाच न्याय लावून पुस्तिकेने सगळ्या लिंकन काउंट्या अब्राहम लिंकन यांच्या खात्यावर जमा केल्या आहेत आणि ही चूक अक्षम्य आहे. केंटकी राज्यातील लिंकन काउंटी १७८० सालची, तर अब्राहम यांचा जन्म त्याच केंटकीत १८०९ साली झाला. ते नाव जनरल बेंजामिन लिंकन यांचे आहे, ज्यांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याची शरणागती स्वीकारताना त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याची तलवार हाती घेतली. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि मराठ्यांना सोबत घेऊन टिपूशी लढला.) मेन राज्यातील लिंकन काउंटी तर त्याहून जुनी, १७६० ची, तिचे नाव इंग्लंडमधील लिंकन शहरावरून आले. प्रत्येक नावापुढे स्थापनेचे वर्ष छापले असते, तरी वाचकाला हा घोटाळा स्वतःच पकडता आला असता.

इतर नोंदी बऱ्याच काळजीपूर्वक केलेल्या आहेत. व्हर्जिनियातील ली काउंटी हेन्री ली यांच्या नावाची आणि फ्लोरिडातील त्यांचे चिरंजीव रॉबर्ट ई. ली यांच्या, हा बापलेकांमधला फरक पुस्तिकेने नेमका टिपला आहे. न्यूयॉर्कमधील ऑरेंज काउंटीला १६८३ मध्ये राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंज याच्यावरून नाव मिळाले, तर कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी १८८९ मध्ये चक्क संत्र्यांच्या नावाने स्थापन झाली, हेही तिथे वाचायला मिळते.

सर्वांत उत्तम नोंद वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीची आहे. १८५२ मध्ये हे नाव विल्यम रुफस किंग या गुलाम बाळगणाऱ्या राजकारण्याच्या सन्मानार्थ दिले गेले. १९८६ मध्ये काउंटीच्या परिषदेने तेच नाव यापुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे मानावे असा ठराव केला आणि २००५ मध्ये राज्याने त्यावर कायद्याची मोहोर उमटवली. नकाशावरचे एक अक्षरही न बदलता काउंटीचा मानकरी बदलला.

शिक्षकांनी लिंकनचे पान दुरुस्त करून हा संच वापरायला हरकत नाही. घेण्यापूर्वी मात्र नकाशा दुकानातच पूर्ण उलगडून ईशान्येकडील भाग पाहून घ्यावा, कारण मला आधी दाखवलेल्या प्रतीत तिथले रंग सीमारेषांच्या बाहेर सरकले होते.