कॅनव्हासचे जंगल बूट: गोव्यातल्या पावसाळी किल्ल्यांसाठी

घोटा झाकणारे, हिरव्या जाड कॅनव्हासचे, रबरी तळाचे जंगल बूट गणवेशाचं सामान विकणाऱ्या दुकानांत हजाराच्या आत मिळतात. काही ठिकाणी ‘हंटर शूज’ म्हणून मागावे लागतात. जून ते सप्टेंबर दर रविवारी मित्रांबरोबर किल्ले पालथे घालणाऱ्यांनी पाच-सात हजारांच्या वॉटरप्रूफ बुटांआधी हे पाहावेत. गोव्यातल्या पावसाळ्यासाठी आमची पसंती यांनाच आहे, आणि ती स्वस्त आहेत म्हणून नाही.

आधी वॉटरप्रूफ बुटांबद्दल. त्यांच्या आतला पातळ पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो, हे खरं. पण वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो. थंड, कोरड्या डोंगरात तो असतो. आपल्याकडे जुलैत हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यात उकाडा. वाफ आतच राहते आणि मोजे घामाने भिजतात. त्यात खरं पाणी शिरतं ते वरून. नाणूसच्या किल्ल्यावर किंवा काब द रामच्या आतल्या पठारावर गुडघाभर गवतातून चाललं की पँट भिजते, पँटीवरचं पाणी मोज्यांत उतरतं आणि मोज्यांतून बुटात. मग पाणी आत येऊ न देणारा तोच पडदा ते बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्यात राहिले की कातडी पांढरी, मऊ होते आणि उतरताना टाचेला फोड येतात.

कॅनव्हासचा बूट पहिल्या पाच मिनिटांत भिजतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. दर पावलाला दाब पडला की पाणी कापडातून बाहेर पडतं. बऱ्याच जोडांना आतल्या बाजूला, तळव्याच्या कमानीजवळ, जाळी लावलेली दोन छोटी भोकं असतात. ती पाणी निघून जाण्यासाठीच आहेत, बुजवू नका. तुमच्या जोडाला नसतील तर चपला दुरुस्त करणाऱ्याकडून प्रत्येक बुटाला दोन आयलेट (भोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) ठोकून घ्या, तळाच्या रबरापासून साधारण एक सेंटीमीटर वर. आयलेट पितळी किंवा ॲल्युमिनियमची हवीत. लोखंडी एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजलेल्या कडा मोजे कापतात.

खरेदीच्या वेळी सगळा खेळ तळाचा आहे. एकसारखे दिसणारे दोन जोड दुकानात शेजारी शेजारी असतात: एकाचा तळ रबराचा, दुसऱ्याचा पीव्हीसीचा. पीव्हीसीला चकाकी असते, प्लॅस्टिकचा वास येतो, आणि नख दाबलं तर ते रुतत नाही. रबर निस्तेज असतं, नखाने किंचित दबतं आणि लगेच पूर्ववत होतं. खात्री करायची असेल तर दुकानदाराला विचारून फरशीवर थोडं पाणी सांडा, बूट हाताने दाबून सरकवून पाहा. पीव्हीसी सरळ घसरतो. असा बूट ओल्या चिऱ्यावर पाय मोडण्याची तयारी आहे, दोनशे रुपये वाचले तरी घेऊ नये. तळाच्या नक्षीचे दात निदान चार-पाच मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून दूर असावेत. दाटीवाटीच्या बारीक नक्षीत तांबडी माती गच्च बसते आणि दहा पावलांत तळ सपाट होऊन जातो.

जिभेकडेही पाहा. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असेल तर खडी, काड्या आणि बऱ्याच अंशी जळवासुद्धा आत येत नाहीत. सुटी जीभ असलेला जोड सत्तरी तालुक्यात किंवा आंबोलीकडे नेणं म्हणजे जळवांना वाट मोकळी करून देणं.

मापाच्या बाबतीत दोन गोष्टी. बूट संध्याकाळी, जे मोजे घालून चालणार ते घालूनच पाहावेत, कारण दिवसअखेर पाय सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसेल तर उतरताना नखं पुढे आपटतात आणि दोन दिवसांनी काळी पडतात. आतलं मूळ अस्तर कागदासारखं पातळ असतं. ते काढून पाच-सहा मिलिमीटरचा ईव्हीए फोमचा (पाणी न शोषणारा हलका फोम) इनसोल बसवा. स्पंज किंवा कापडी इनसोल नको, तो पाणी धरून बसतो. मोजे पॉलिएस्टरचे किंवा लोकरमिश्रित. सुती मोजा एकदा भिजला की दिवसभर ओलाच. सुती नाड्याही बदलाव्यात. त्या फुगतात आणि गाठ सुटता सुटत नाही. गोल नायलॉनची नाडी उलट आपोआप सुटते. चपटी पॉलिएस्टरची नाडी सर्वांत बरी.

आता किल्ल्यांवर हे बूट कसे वागतात ते. गोव्यातले बहुतेक किल्ले जांभ्याचे, आणि जांभा महिन्यागणिक बदलतो. जूनमध्ये त्रास सुट्या खड्यांचा. चापोऱ्याच्या सध्याच्या किल्ल्याचं बांधकाम १७१७ चं. तिथे वागातोरच्या बाजूने चढताना वाट लहान, गोल खड्यांनी भरलेली असते आणि खडे पायाखाली गोळ्यांसारखे फिरतात. इथे खोल दातांचा तळ खड्यांच्या फटीत रुततो, बूट उत्तम चालतो. उतरताना मात्र टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल टाकावं, पावलं आखूड ठेवावीत.

जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ येतं. जांभ्याचा मोकळा दगड सच्छिद्र, खरबरीत असल्यामुळे त्यावर पकड राहते. धोका आहे तो माणसांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या घडीव चिऱ्यांवर: पायऱ्या, उंबरठे, तटावर चढायचे उतार. खोर्जुवेचा १७०५ चा छोटा किल्ला सोपा म्हणून लोक मुलांना घेऊन जातात, पण पावसात त्याच्या तटावर मोठ्या किल्ल्यापेक्षा जास्त जपावं लागतं. हळर्णचा किल्लाही तसाच, झाडांच्या सावलीत ओलाच असतो. हिरवट-काळ्या बुळबुळीत थरावर या बुटाची पकड सुटते, आणि सात हजारांच्या बुटाचीही सुटते. शेवाळाचा थर दगड आणि रबर यांच्यामध्ये वंगणासारखा बसतो, रबर दगडाला टेकतच नाही. तिथे कडेने, सांध्यांवर किंवा गवत उगवलेल्या भागावर पाय द्यावा.

सप्टेंबरमध्ये गवत वाढून खड्डे झाकतं, नंतर कुसळं येतात. कॅनव्हास आणि नाड्या कुसळं धरून ठेवतात, हा या बुटाचा खरोखरचा दोष. घरी आल्यावर चिमट्याने काढावी लागतात, नाहीतर ती आतपर्यंत टोचत जातात.

जळवांसाठी मीठ लावून निघणं पावसात फुकट, ते धुऊन जातं. तंबाखूची पूड ओली करून मोज्याच्या वरच्या पट्टीला चोळली तर जास्त टिकते. मधूनमधून थांबून एकमेकांच्या पोटऱ्या बघाव्यात.

उणिवा आणखी आहेत. कॅनव्हास घोट्याला झाकतो, पण आधार देत नाही. बोटांपुढे कडक टोपी नाही, दगडाला ठेच लागली की कळतं. तळ लवचिक असल्यामुळे काळ्या कातळाच्या धारदार कडा तळव्याला जाणवतात. म्हणून दोडामार्ग ओलांडून पारगडाला किंवा सावंतवाडीकडच्या मनोहर-मनसंतोषगडाला मुक्कामाचं सामान घेऊन जायचं असेल, पाठीवर आठ-दहा किलोंपेक्षा जास्त ओझं असेल, तर हा बूट सुचवणार नाही. घोटा पूर्वी मुरगळलेल्यांनीही कडक, उंच बूटच घ्यावा. उतरण लांब असेल तर वरच्या भोकाजवळ दोन्ही बाजूंना नाडीचा छोटा फास ठेवून समोरची नाडी त्यातून ओवा आणि मग बांधा. टाच जागची हलत नाही.

टिकण्याचं म्हणाल तर नीट वापरला तर दोन पावसाळे. पहिली चीर पडते ती चवड्याजवळ, जिथे बूट वाकतो आणि कापड रबराला भेटतं. केसाएवढी फट दिसली की जागा घासून, पूर्ण सुकवून पंक्चरचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावा, थोडं वाळू द्या, मग दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा. फट बोटभर झाल्यावर उपाय नाही. वाटेत तळ उघडलाच तर बांधायला गटाकडे दोन मीटर मजबूत दोरी असावी.

महागड्या बुटांचं दुखणं वेगळं आणि जास्त फसवं. त्यांच्यात बहुधा पॉलियुरेथेनचा मधला थर असतो आणि दमट हवेत तो न वापरताही हळूहळू विरतो. चार-सहा वर्षं कपाटात नव्यासारखा दिसलेला बूट अर्ध्या वाटेवर तळ सोडून देतो. कॅनव्हास आणि रबराच्या बुटात हा थरच नाही.

घरी आल्यावर साध्या पाण्याने माती काढा. तांबडा डाग राहणारच, घासत बसू नका. इनसोल बाहेर, जीभ पुढे ओढून आत जुने पेपर कोंबा, दोन तासांनी बदला, रात्रभर पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवले तर चिकटवलेल्या जागा सुटतात. रविवारचा जोड मंगळवारपर्यंत कोरडा होतो, वॉटरप्रूफ बूट शुक्रवारीही आतून दमट लागतात. दर मे महिन्यात तळाचे दात पाहा. तीन मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर किल्ल्यासाठी नवा जोड घ्या आणि जुना कुळागरात (पोफळीच्या बागेत) वापरा.