रक्त चिपळूणचं, मशीन मुंबईत: फॉसफ्लो लाइज/फिक्स बफर वापरावं का?

ब्लड कॅन्सरच्या पेशींतलं सिग्नलिंग, म्हणजे पेशीच्या आतली संदेशांची देवाणघेवाण, एकेका पेशीत मोजायचं तर फ्लो सायटोमीटर हे लेझरचं मशीन लागतं. कोकणात अडचण त्याच्या आधीच सुरू होते. चिपळूण किंवा सावंतवाडीत काढलेलं रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत रात्र उलटते, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की त्याहून उशीर. स्टॅट५, इआरके या संदेश पोचवणाऱ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काही मिनिटांत चढतात-उतरतात. त्यामुळे शिळ्या रक्तात आजाराऐवजी प्रवासाचाच परिणाम मोजला जातो. बीडी कंपनीचं हे बफर तांबड्या पेशी फोडतं आणि पांढऱ्या पेशी त्याच क्षणी फिक्स करतं, म्हणजे आहेत त्या अवस्थेत गोठवतं. हे काम मशीनपासून दूर, रक्त काढलं तिथेच करता येतं, आणि आमच्या मते बफरची खरी किंमत यातच आहे.

बाटली ५एक्स तीव्रतेची येते. एक भाग बफर, चार भाग डिस्टिल्ड वॉटर. लागेल तेवढंच, त्याच दिवशी. ते ३७ अंशांवर आणून २०० मायक्रोलिटर रक्तात ४ मिली, म्हणजे वीसपट, घालायचं, लगेच उलटंपालटं करायचं आणि ३७ अंशांवर १० ते १२ मिनिटं ठेवायचं. मग ५०० ते ६०० जीवर (जी म्हणजे गुरुत्वबलाची पट) ६ ते ८ मिनिटं सेंट्रिफ्यूज आणि पीबीएस या खारट द्रावणाने धुणं.

बिघडतं ते बहुधा इथेच. मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असते, मग वॉटर बाथ कशाला, असा मोह होतो. कोमट बफरमध्ये तांबड्या पेशी अर्धवट फुटतात, तळाशी बसलेला पेशींचा गोळा लालच राहतो आणि पुढे मशीनवर कचरा दिसतो. बफर वीसपटीपेक्षा कमी पडलं तरी तेच. वीज गेली तर थर्मासमध्ये ३७ अंशांचं पाणी आणि एक थर्मामीटर एवढ्यावर दहा मिनिटं निभावतात.

ट्यूब सोडियम हेपॅरिनची घ्या. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे पेशींना चेतवायच्या प्रयोगात उत्तर दबतं. आणि चेतवणं टाळू नका. नुसती मूळ पातळी मोजली तर अर्धीच गोष्ट कळते. स्टॅनफर्डच्या गॅरी नोलन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये एएमएल या ब्लड कॅन्सरच्या पेशींवर दाखवलं ते हेच: सायटोकाइन (पेशींना संदेश देणारी प्रथिनं) दिल्यावर पेशी कसा प्रतिसाद देतात, यावरून रुग्णांचे गट वेगळे पडतात. बफर घालण्याआधी किमान तीन ट्यूब लावा: एक तशीच, एक जीएम-सीएसएफ किंवा जी-सीएसएफ हे सायटोकाइन देऊन १५ मिनिटं, एक पीएमए या इआरके चेतवणाऱ्या रसायनाची. पीएमएला इआरके हललं नाही, तर दोष रुग्णाच्या पेशींत शोधण्याआधी हाताळणीत शोधा. नमुन्यातले निरोगी लिम्फोसाइट घरचाच कंट्रोल असतात. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं मोजायच्या जुन्या पद्धतीत लाखो पेशींची सरासरी निघते, त्यात दोन टक्के हट्टी ब्लास्ट पेशी (कॅन्सरच्या अपक्व पेशी) दडून जातात. इथे त्या सीडी४५ (पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरची खूण) आणि साइड स्कॅटर (पेशीवरून बाजूला विखुरलेला प्रकाश) यांवर वेगळ्या काढता येतात.

पुढची पायरी पर्म बफर ३ ची; अँटीबॉडी आत शिरावी म्हणून ते पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतं. त्यात मिथेनॉल आहे. ते उणे २० अंशांवर गार करून, आधी व्होर्टेक्सने सैल केलेल्या गोळ्यात थेंबाथेंबाने घालायचं आणि बर्फावर ३० मिनिटं ठेवायचं. गोळा सैल न करता ओतलं की गुठळ्या होतात, त्या परत सुटत नाहीत. बर्फाची कोकणात ददात नाही, मासळीच्या जेटीवर हवा तेवढा मिळतो. पण तो शून्य अंशांचा, बफर गार करायला फ्रीझरच हवा. मिथेनॉल ज्वलनशील असल्याने ते गाडीतून नेणंही बरोबर नाही. म्हणून फिक्स करून धुतलेल्या पेशी २ ते ८ अंशांच्या पेटीत पाठवा, आणि पर्मची पायरी मशीन असेल तिथेच करा. सुरुवातीला एकच नमुना ताजा आणि प्रवास करून आलेला असा दोन्ही मोजून फरक पाहा.

अँटीबॉडीला जोडलेल्या चमकणाऱ्या रंगांचं मात्र नीट ठरवावं लागतं. पीई, एपीसी आणि त्यांचे टँडेम (जोडरंग) मिथेनॉलच्या आधी लावले तर त्यांची चमक जातेच. अलेक्सा फ्लुअर ४८८, ६४७ आणि पॅसिफिक ब्लू टिकतात. काही सीडी खुणा मिथेनॉलमध्ये स्वतःच बिघडतात, त्यामुळे प्रत्येक अँटीबॉडी आधी निरोगी रक्तावर तपासा. मिथेनॉलनंतर पेशी तळाशी बसायला कुरकुरतात, तेव्हा ६०० जीच्या खाली उतरू नका आणि वरचं पाणी झटकून न टाकता पिपेटने काढा.

खर्चाचं गणित विचित्र आहे. २५० मिलीच्या लाइज/फिक्समधून १२५० मिली तयार होतं, म्हणजे तीनशेच्या वर ट्यूब. पर्मची बाटली १२५ मिलीची, ट्यूबला १ मिली धरला तर सव्वाशेतच संपते. दोन्ही एकास एक मागवू नका. लाइज/फिक्समध्ये फॉर्मल्डिहाइड आहे, तेव्हा पंखा चालू, हातमोजे, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतणं बंद.

निदानासाठी हे घेऊ नये. ल्युकेमियाचा प्रकार ठरवायचा असेल तर नेहमीची ईडीटीए ट्यूब, फिक्स न केलेली, पाठवावी. या बफरमधले आकडे संशोधनाच्या वहीत राहू द्यावेत, रुग्णाच्या औषधाच्या चिठ्ठीवर नकोत.