फणसाच्या पाटाची विळी, म्हणजेच मालवणीतला आडाळो

दुपारी माजघरातून येणारा नारळ खवण्याचा खर्र-खर्र आवाज म्हणजे कोकणातल्या घराची ओळखच. त्याशिवाय पाट्यावर वाटप, म्हणजे कालवणासाठी वाटलेलं खोबरं, पडायचंच नाही. पुढे ओटे आले, खाली बसणं सुटलं आणि विळ्या माळ्यावर गेल्या. तरी कुडाळ, कणकवलीच्या आठवडा बाजारात लोहाराच्या हातची विळी अजून मिळते आणि ती आजही घ्यावी अशीच वस्तू आहे. मात्र पारखून घ्यावी.

आधी पाट बघा. फणसाच्या जुन्या वाळलेल्या लाकडाचा, साधारण दीड फूट लांब आणि निदान पाच इंच रुंद हवा, नाहीतर जोर लावताना विळी कलंडते. ओल्या लाकडाचा पाट दिसायला तितकाच पिवळाधमक, देखणा असतो. पण उन्हाळ्यात तो आकसतो आणि खाचेतलं पातं हलायला लागतं. काहीजण तो पाण्यात भिजवतात. त्याने तो फुगून घट्ट होतो, पण वाळला की पुन्हा तेच. फणसाचीच बारीक पाचर ठोकणं हा खरा इलाज. पात्याचं शेपूट पाटातून आरपार जाऊन खाली वळवलेलं असलं तर उत्तम. नटबोल्टाची विळी आवळता येते खरी, पण पाट पातळ असला तर नेमका तिथेच तडकतो.

मग पात्याच्या टोकाची खवणी अंगठ्याने दाबून पाहा. पत्र्याची असली तर लवते. ती घेऊच नका. दाते बारीक आणि सारख्या उंचीचे हवेत.

मोदकाच्या सारणाला, सोलकढीला लागणारा पांढराशुभ्र चव, म्हणजे खवलेला नारळ (मालवणीत चून), मात्र हातावर आहे. वाटी दोन्ही हातांत धरून कडेपासून सुरुवात करायची, दर ओढीला थोडी फिरवत आत जायचं. मधूनच खवायला घेतलं की खड्डा पडतो, दाते करवंटीला घासतात, चवात तपकिरी साल उतरते आणि खवणीही बोथट होते. करवंटीलगतचा शेवटचा थर वेगळा खवून भाजक्या वाटपाला वापरावा; तिथे रंगाचं काही अडत नाही.

ओट्याला चिकटणारी हँडलची खवणी उभ्याने काम करणाऱ्यांना सोयीची, पण ओटा ओला असला की तिची रबरी बैठक सुटते. मिक्सरमध्ये कातळ्या फिरवल्या तर चुरा होतो, तसा मऊ, लांबट चव पडत नाही.

लोखंडी पात्यावर केळफूल, कच्ची केळी काळी पडतात, म्हणून चिरल्याबरोबर ताक घातलेल्या पाण्यात टाकावीत. फणसाची कुयरी (कोवळा फणस) चिरताना हाताला आणि पात्याला आधी खोबरेल लावा, कारण तिचा चीक पाण्याने निघत नाही. माशांचा वास चिंचेने घासल्यावर जातो. तरीही माशांची विळी वेगळी असावी.

खरी काळजी पावसाळ्यात. पूर्वी चुलीच्या उबेला पातं कोरडं राहायचं. आता गॅसच्या स्वयंपाकघरात आषाढ-श्रावणात ओली राहिलेली विळी सकाळपर्यंत तांबूस होते. पुसून खोबरेलाचा हात फिरवा आणि पातं भिंतीकडे करून आडवी ठेवा. घरात रांगतं पोर असलं तर काम अर्धं टाकून उठतानासुद्धा.